रिपोर्टपासून कोडपर्यंत: ट्यूमर कोडिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कॅन्सर रजिस्ट्रीत (कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रात) किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये कोडिंगच्या कामाला नव्याने लागलात की टेबलावर दोन गोष्टी येतात. एक कोडचं पुस्तक आणि दुसरा रिपोर्टचा गठ्ठा. पुस्तक कसं उघडायचं हे सगळे सांगतात, पण रिपोर्ट कसा वाचायचा हे फारसं कुणी सांगत नाही. खरी अडचण तिथेच असते. मी हे काम करत करत शिकलो. सुरुवातीला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं असं ज्या गोष्टींबद्दल वाटतं, त्या इथे क्रमाने लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक तत्त्व पक्कं करा. रिपोर्टमध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच कोडमध्ये यायला हवं. त्यातलं काही गळायला नको आणि आपल्या मनाचं काही घुसायलाही नको. पुढचे बहुतेक नियम याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

१. काय काय जवळ हवं

- आयसीडी-ओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं (डब्ल्यूएचओ) ट्यूमरच्या कोडचं वर्गीकरण. त्याची तिसरी आवृत्ती आणि तिची ३.२ ही सुधारित यादी. छापील पुस्तकात नियम नीट समजावलेले आहेत, मॉर्फॉलॉजीचे (पेशींच्या प्रकाराचे) ताजे कोड मात्र ३.२ च्या यादीत आहेत. दोन्ही लागतात.
- तुमच्या रजिस्ट्रीचं स्वतःचं मॅन्युअल. दोन नियमांत विरोध दिसला तर तुमच्यासाठी हेच शेवटचं.
- रुग्णाचे सगळे पॅथॉलॉजी रिपोर्ट: एफएनएसी (सुईने काढलेल्या पेशींची तपासणी), बायोप्सी, ऑपरेशननंतरचा मोठा रिपोर्ट, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (पेशींवरचे मार्कर बघणाऱ्या तपासणीची) पुरवणी. फक्त शेवटचा किंवा फक्त पहिला नव्हे.
- केस पेपर, डिस्चार्ज समरी, स्कॅन आणि एन्डोस्कोपीचे रिपोर्ट.
- डब्ल्यूएचओच्या ट्यूमर वर्गीकरणाचे खंड, ज्यांना सगळे ब्ल्यू बुक म्हणतात. रिपोर्टमध्ये एखादं नवीन नाव आलं की ते इथे सापडतं आणि बहुतेक वेळा सोबत आयसीडी-ओ कोडही असतो.
- शंका लिहून ठेवायला एक वही किंवा एक्सेल शीट. तिचं काम शेवटच्या पायरीत येईल.

२. कोडची रचना समजून घ्या

आयसीडी-ओची पहिली आवृत्ती १९७६ ची, दुसरी १९९० ची, तिसरी २०००ची. ३.२ ची यादी २०१९ मध्ये आली. मूळ कल्पना मात्र पहिल्यापासून तीच राहिली आहे: प्रत्येक ट्यूमरला दोन स्वतंत्र कोड.

पहिला टोपोग्राफीचा, म्हणजे ट्यूमर कुठे सुरू झाला. सी००.० पासून सी८०.९ पर्यंत. (या लेखात ‘सी’ देवनागरीत आहे, फॉर्मवर ते रोमन अक्षर.) दुसरा मॉर्फॉलॉजीचा, म्हणजे पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत. यात चार आकडे हिस्टॉलॉजीचे (पेशीच्या प्रकाराचे), मग तिरकी रेघ, मग एक आकडा बिहेव्हियरचा. ८१४०/३ म्हणजे अॅडेनोकार्सिनोमा, घातक. त्यापुढे सहावा आकडा ग्रेडचा.

बिहेव्हियरचे आकडे तोंडपाठ करा:

- /० सौम्य
- /१ सौम्य की घातक हे अनिश्चित, किंवा बॉर्डरलाइन
- /२ इन सिटू (घातक पेशी, पण अजून सुरुवातीच्या थरातच, आत न शिरलेल्या)
- /३ घातक, मूळ जागेचा
- /६ घातक, दुसरीकडून पसरलेला
- /९ घातक, पण मूळ की पसरलेला हे माहीत नाही

आता मोठा सापळा. हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधला आयसीडी-१० (सगळ्या आजारांच्या वर्गीकरणाचा) कोड उचलून थेट टोपोग्राफीच्या रकान्यात टाकण्याचा मोह होतो, कारण दोन्ही सारखे दिसतात. ते सगळीकडे सारखे नाहीत. आयसीडी-१० मध्ये मेलॅनोमाला सी४३, मेसोथेलिओमाला सी४५, लिम्फोमा आणि ल्युकेमियाला सी८१ ते सी९६ असे कोड आहेत. आयसीडी-ओच्या टोपोग्राफीत यातलं काहीच नाही. त्वचेचा मेलॅनोमा सी४४ वर जातो आणि मेलॅनोमा असल्याचं मॉर्फॉलॉजीचा ८७२०/३ सांगतो. सी७७ दोन्हीकडे आहे, पण अर्थ वेगळा. आयसीडी-१० मध्ये सी७७ म्हणजे लिम्फ नोडमध्ये पसरलेला कॅन्सर. आयसीडी-ओमध्ये सी७७ म्हणजे नुसती लिम्फ नोड ही जागा. रजिस्ट्रीत ती मुख्यतः लिम्फोमासाठी लागते. सी७८ आणि सी७९ तर आयसीडी-ओमध्ये नाहीतच.

३. रिपोर्ट आधी पूर्ण वाचा, कोड नंतर

‘इम्प्रेशन’ किंवा ‘डायग्नोसिस’ या मथळ्याखालची एक ओळ वाचून कोड टाकायचा नाही. ऑपरेशनचा एक रिपोर्ट असा समजा:

उजव्या स्तनाची मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टॉमी. अप्पर आउटर क्वाड्रंटमध्ये ३.२ सेंमीची गाठ. इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, नो स्पेशल टाइप, ग्रेड ३. सोबत हाय ग्रेड डक्टल कार्सिनोमा इन सिटू. काखेतल्या १७ लिम्फ नोडपैकी ४ मध्ये मेटास्टॅसिस (पसरलेला कॅन्सर). पीटी२ एन२ए.

यातलं काय कुठे जातं? जागा सी५०.४, कारण क्वाड्रंट स्पष्ट लिहिलाय. बाजू उजवी, तिचा रकाना वेगळा असतो. मॉर्फॉलॉजी ८५००/३. इन सिटूचा भाग ८५००/२ म्हणून वेगळा नोंदवायचा नाही. एकाच गाठीत इन्व्हेझिव्ह आणि इन सिटू दोन्ही असतील तर इन्व्हेझिव्ह ठरतो. ग्रेड ३. काखेतले नोड टोपोग्राफीत येत नाहीत, ते स्टेजिंगमध्ये जातात. पीटी२ एन२ए हेही स्टेजच्या रकान्यात.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत नवीन माणसाकडून हमखास होते. ग्रेड म्हणजे पेशी मूळ पेशींपासून किती बिघडल्या आहेत ते. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय ते. ‘स्टेज ३’ वाचून ग्रेडच्या रकान्यात ३ टाकला की तो आकडा पुढे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण चेकिंगचं सॉफ्टवेअर त्याला पकडू शकत नाही.

४. जागा ठरवा: पसरला कुठे हे नव्हे, सुरू कुठे झाला

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. रजिस्ट्री मोजते ते मूळ ट्यूमर. लिव्हर, फुप्फुस, हाडं, मेंदू आणि लिम्फ नोड यांपैकी कुठलाही नमुना समोर आला की पहिला प्रश्न एकच: हा इथलाच, की दुसरीकडून आलेला?

मानेतल्या लिम्फ नोडची बायोप्सी आहे आणि रिपोर्ट म्हणतो ‘मेटास्टॅटिक स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’. केस पेपरवर डॉक्टरांनी जिभेच्या कडेला जखम असल्याचं आणि तोच मूळ आजार असल्याचं लिहिलंय. लॅबच्या दृष्टीने समोर आलेला नमुना मानेचा नोड आहे, म्हणून लॅबच्या यादीत सी७७.० आणि ८०७०/६ हे बरोबर आहे. रजिस्ट्रीच्या दृष्टीने मात्र हा जिभेचा कॅन्सर: सी०२.१ आणि ८०७०/३. एकच काचेची स्लाइड, दोन ठिकाणी दोन वेगळे कोड, आणि दोन्ही बरोबर. म्हणून लॅबकडून येणारी कोडची फाइल रजिस्ट्रीत जशीच्या तशी ओतायची नसते. रजिस्ट्रीच्या नोंदीत /६ आणि /९ वापरत नाहीत.

मूळ जागा शोधूनही सापडली नाही, तर सी८०.९ आणि ८०७०/३. पण ‘शोधूनही’ हा शब्द मनावर घ्या. समोरच्या कागदात नाही म्हणजे कुठेच नाही, असं नसतं. लिव्हर बायोप्सीत ‘मेटास्टॅटिक अॅडेनोकार्सिनोमा, सीके२० आणि सीडीएक्स२ पॉझिटिव्ह, सीके७ निगेटिव्ह’ असं दिसलं तर पॅथॉलॉजिस्टचा रोख मोठ्या आतड्याकडे असतो. मग कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट शोधा. त्यात सिग्मॉइडमध्ये गाठ सापडली आणि डॉक्टरांनी तीच मूळ मानली असेल तर सी१८.७. मार्कर वाचून मूळ जागा आपणच ठरवायची नाही, ते डॉक्टरांचं काम. त्यांचा निष्कर्ष कागदावर शोधणं आपलं काम.

आता .८ आणि .९ यांचा फरक. .९ म्हणजे अवयव कळला, पण त्यातला नेमका भाग कळला नाही. .८ म्हणजे एकच गाठ शेजारच्या दोन भागांवर पसरली आहे आणि ती कुठल्या भागात सुरू झाली ते कळत नाही. ‘सीकम आणि असेंडिंग कोलनमध्ये गाठ’ (हे मोठ्या आतड्याचे लागून असलेले भाग) असं असेल तर सी१८.८. ‘सीकममधली गाठ, असेंडिंग कोलनपर्यंत वाढलेली’ असं असेल तर सुरुवात कळली, म्हणून सी१८.०. वाक्यातल्या एवढ्याशा फरकाने कोड बदलतो. आणि दोन भागांत दोन वेगळ्या गाठी असतील तर .८ लावायचा नाही, तो प्रश्न सहाव्या पायरीचा.

रक्ताच्या आजारांचं वेगळं आहे. ल्युकेमिया आणि मल्टिपल मायलोमाची जागा सी४२.१, म्हणजे बोन मॅरो, मग नमुना रक्ताचा असला तरी. लिम्फोमा नोडमध्ये असेल तर सी७७ मधला योग्य भाग, एकाहून अधिक भागांतल्या नोडमध्ये असेल तर सी७७.८. पण जठरात सुरू झालेला लिम्फोमा सी१६ वरच जातो. लिम्फोमा दिसला की हात आपोआप सी७७ कडे जातो, तो थांबवा.

५. मॉर्फॉलॉजी आणि बिहेव्हियर

रिपोर्टमध्ये जेवढा नेमका प्रकार असेल तेवढा नेमका कोड घ्या. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, केराटिनायझिंग’ असेल तर ८०७१/३. नुसतं ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असेल तर ८०७०/३. बायोप्सीत ‘कार्सिनोमा’ आणि ऑपरेशनच्या नमुन्यात ‘अॅडेनोकार्सिनोमा’ असेल तर जास्त नेमकं निदान घ्यायचं, म्हणजे ८०१०/३ ऐवजी ८१४०/३. ‘एनओएस’ हा शेरा, म्हणजे ‘याहून अधिक माहिती नाही’, लावायला संकोचू नका. माहिती नसताना ओढूनताणून नेमका कोड दिला तर तो नंतर खऱ्या नोंदींत मिसळतो आणि मग वेगळा काढता येत नाही.

एकाच गाठीच्या वर्णनात दोन प्रकारची विशेषणं आली आणि दोन्हींना मिळून एक कोड नसेल, तर मोठा आकडा घ्यायचा. ट्रान्झिशनल सेल ८१२०/३ आणि एपिडर्मॉइड (स्क्वॅमसचंच दुसरं नाव) ८०७०/३ असे दोन्ही शब्द एकाच निदानात असले तर ८१२०/३. पण त्याआधी जोडनावाचा कोड आहे का ते नक्की बघा. स्तनातल्या डक्टल आणि लोब्युलर मिश्र कार्सिनोमाला ८५२२/३ असा स्वतंत्र कोड आहे.

पुस्तकात काही मॉर्फॉलॉजी कोडसमोर कंसात जागा सुचवलेली असते. ती सूचना आहे, सक्ती नाही. ८५०० समोर सी५० दिसतो, पण डक्टल कार्सिनोमा पॅन्क्रियाजमध्येही होतो. रिपोर्टमध्ये पॅन्क्रियाज असेल तर सी२५ च.

बिहेव्हियरच्या बाबतीत पॅथॉलॉजिस्टचा शब्द अखेरचा. यादीत एखादा प्रकार फक्त /३ सोबत दिसतो आणि रिपोर्ट स्पष्टपणे ‘इन सिटू’ म्हणतो, तर तोच हिस्टॉलॉजी आकडा ठेवून /२ लावायची मुभा नियमांतच आहे. मूत्राशयाच्या पॅपिलरी ट्यूमरकडे विशेष लक्ष द्या. निदानात ‘कार्सिनोमा’ शब्द दिसला की /३ लावला जातो, पण खाली ‘नॉन-इन्व्हेझिव्ह, पीटीए’ लिहिलेलं असतं. तो ८१३०/२. सर्व्हिक्सच्या (गर्भाशयमुखाच्या) बायोप्सीतला सीआयएन ३, म्हणजे आक्रमक होण्याआधीचा बदल, हा ८०७७/२. त्याला आक्रमक कॅन्सरच्या आकड्यात धरलं तर सर्व्हिक्सच्या कॅन्सरचा दर उगाच फुगतो.

ग्रेडसाठी थोडक्यात: १ वेल डिफरन्शिएटेड, २ मॉडरेट, ३ पुअर, ४ अनडिफरन्शिएटेड, ९ माहीत नाही. ‘मॉडरेट ते पुअर’ असं लिहिलं असेल तर वरचा, म्हणजे ३. लिम्फोमा आणि ल्युकेमियात हाच रकाना टी सेल (५), बी सेल (६), नल सेल (७) आणि एनके सेल (८) सांगायला वापरतात. प्रोस्टेटचा ग्लीसन स्कोअर किंवा मेंदूच्या ट्यूमरचा डब्ल्यूएचओ ग्रेड या रकान्यात आपल्या अंदाजाने बसवू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तसंच करा.

६. एक ट्यूमर की दोन?

रजिस्ट्रीच्या आकड्यांवर सर्वांत जास्त परिणाम याच निर्णयाचा होतो. आयएआरसी (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) आणि आयएसीआर (कॅन्सर रजिस्ट्रींची आंतरराष्ट्रीय संघटना) यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन निदानांमध्ये किती काळ गेला याला महत्त्व नाही. एका अवयवात, किंवा जोडीच्या अवयवात, एकाच हिस्टॉलॉजी गटाचा ट्यूमर एकदाच मोजतात. म्हणून दोन्ही स्तनांत डक्टल कार्सिनोमा असेल तरी या नियमांनी एकच नोंद. हिरडी आणि गालाची आतली बाजू, किंवा युरेटर आणि मूत्राशय, अशा काही वेगवेगळ्या कोडच्या जागाही एकच अवयव धरल्या जातात. उलट फुप्फुसात आधी स्क्वॅमस आणि नंतर अॅडेनोकार्सिनोमा झाला तर गट वेगळे, म्हणून दोन नोंदी.

अमेरिकेतल्या सीअर या सरकारी कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचे नियम वेगळे आहेत. तिथे दोन स्तनांतले ट्यूमर दोन मोजतात आणि काही अवयवांत मधला काळही बघतात. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक वेळा सीअरचीच पानं आधी येतात. ती उत्तम आहेत, पण तुमची रजिस्ट्री कोणते नियम पाळते हे विचारल्याशिवाय वापरू नका. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की ते आकडे कशाशीच ताडून बघता येत नाहीत.

७. निदान कशावरून झालं

आयएआरसीच्या यादीत: ० फक्त मृत्यू दाखल्यावरून, १ तपासणीवरून, २ स्कॅन किंवा एन्डोस्कोपीसारख्या चाचण्यांवरून, ४ ट्यूमर मार्करवरून, ५ सायटॉलॉजी (सुट्या पेशींची तपासणी), ६ पसरलेल्या जागेची हिस्टॉलॉजी (इथे अर्थ तुकड्याची तपासणी), ७ मूळ ट्यूमरची हिस्टॉलॉजी, ९ माहीत नाही. वर दिलेल्या जिभेच्या उदाहरणात तुकडा फक्त मानेच्या नोडचा घेतला असेल तर ६. तिथे नुसती सुई घातली असेल तर ५. नंतर जिभेचीच बायोप्सी झाली तर ७ करा. हा रकाना एकदा भरून विसरायचा नसतो.

८. ‘शक्यता आहे’ असं लिहिलेलं असेल तर

‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘सस्पिशस फॉर’, ‘कन्सिस्टंट विथ’, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’. या शब्दांवर टीममध्ये वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. सीअरच्या यादीत ‘प्रोबेबल’, ‘सस्पिशस’, ‘कन्सिस्टंट विथ’ हे शब्द निदान म्हणून धरतात. ‘पॉसिबल’, ‘सजेस्ट्स’, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ धरत नाहीत. तुमच्या मॅन्युअलमध्ये अशी यादी असेल तर छापून टेबलासमोर लावा. नसेल तर करून घ्यायचा आग्रह धरा, कारण दोन कोडर दोन अर्थ लावणार असतील तर एकाच रिपोर्टचे दोन निकाल येतील. कुठलीही यादी असली तरी पुढचा रिपोर्ट आला का हे आधी बघायचं. संशयाच्या बायोप्सीनंतर बहुतेक वेळा दुसरी बायोप्सी होते आणि प्रश्न आपोआप सुटतो.

९. आवृत्ती आणि जुने आकडे

वर्गीकरण बदलतं तेव्हा आजार बदललेला नसतो, पण आकडे बदलतात. दुसऱ्या आवृत्तीत ओव्हरीचे बॉर्डरलाइन ट्यूमर /३ होते, तिसऱ्या आवृत्तीत ते /१ झाले. पॉलिसायथेमिया व्हेरा हा रक्ताचा आजार याच बदलात /१ वरून /३ वर गेला. ३.२ मध्ये सगळे जीआयएसटी (पचनमार्गाच्या भिंतीतले ट्यूमर) ८९३६/३ झाले, बहुतेक थायमोमाही (थायमस ग्रंथीचे ट्यूमर) /३ मध्ये आले. म्हणून प्रत्येक नोंदीत कोणती आवृत्ती वापरली हे असायलाच हवं. एखाद्या वर्षी अचानक चढ किंवा उतार दिसला तर आधी आवृत्ती बदलली का ते बघा.

१०. तपासणी आणि शंकांची वही

आयएआरसीचं कॅनरेग५ किंवा आयएआरसी टूल्स वापरत असाल तर लिंग आणि जागा, वय आणि हिस्टॉलॉजी, जागा आणि हिस्टॉलॉजी, बिहेव्हियर, ग्रेड, निदानाचा आधार यांचा मेळ बसतो का हे सॉफ्टवेअर तपासतं. पुरुषाच्या नोंदीत सर्व्हिक्स आला तर ती चूकच. पण प्रौढ माणसात रेटिनोब्लास्टोमा (सहसा लहान मुलांत होणारा डोळ्याचा कॅन्सर) आला तर ‘अशक्य’ म्हणून खोडू नका, रिपोर्ट पुन्हा काढून वाचा. दुर्मीळ गोष्ट खरीही असू शकते. वाचून खात्री झाली की ‘तपासलं’ अशी खूण करून नोंद तशीच ठेवा.

उरलेल्या शंका पॅथॉलॉजिस्टला विचारायच्या. प्रश्न असा विचारा की उत्तर एका ओळीत देता येईल. ‘हा रिपोर्ट कळला नाही’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. ‘लिव्हरचा नमुना, अॅडेनोकार्सिनोमा. मूळ लिव्हरमधला, पसरलेला, की सांगता येत नाही?’ असं विचारलंत तर बहुतेक वेळा त्याच दिवशी उत्तर येतं. ते तारखेसह वहीत लिहा, कुणी दिलं तेही लिहा. तोच प्रश्न पुन्हा आला की तोच निर्णय घ्या. आणि उत्तर आलं नाही तर नोंद .९ किंवा एनओएसवर ठेवून ‘प्रलंबित’ची खूण करा आणि वर्षाची फाइल बंद होण्याआधी पुन्हा एकदा विचारा.